तरवडाचा हार

हार गळ्यात पडेपर्यंत विजयमालाबाईंना कळलंच नाही, की आपला सत्कार कशाने चाललाय. पिवळीजर्द फुलं, मध्ये मध्ये चिंचेसारख्या बारीक पानांच्या डहाळ्या. तरवड! त्यांनी वळून टेकडीकडे पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बिबवेवाडीच्या मागच्या त्या टेकडीचा खालचा उतार पार भादरून टाकला होता. तरवड तोडून, मुळं उपटून त्या जागी खड्डे घेतले होते. मांडवामागे तोडलेल्या झुडपांचा ढीग होता आणि त्यातलीच फुलं ओवून वृक्षारोपणाला आलेल्या कंपनीच्या पोरांनी पाहुणीसाठी हार केला होता. वरचा उतार अजून पिवळा होता, पण जेसीबी त्याच्याकडे तोंड करून उभाच होता. आता इथे म्हणे गुलमोहर लागणार. आणि पहिलं रोप लावायला बोलावलं कुणाला? जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईंना! हा बेत खुद्द त्यांच्या चिरंजीवांचा. अभिनव हिंजवडीच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. "आई, सरप्राइज आहे," म्हणून त्याने त्यांना गाडीत घातलं होतं. आधी टेकडी सोलायची आणि मग आईला शाल पांघरवायची. धन्य तो मुलगा!

"मॅडम, दोन शब्द बोला ना प्लीज," कंपनीतली नम्रता माइक पुढे करत म्हणाली. "इथे आधी नुसती झुडपं होती. आता बघा कसं ग्रीन होईल!"

"झुडपं होती का? बरं झालं सांगितलंत. मी आपली इतकी वर्षं उगाच पोरांना घेऊन येत होते इथे." बाईंनी माइक घेतला. "या मुरमात कुसळ टिकत नाही, तिथे तरवड टिकतो. उन्हाळ्यात पाणी कोण घालतं त्याला? कुणी नाही. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. त्याच्या फुलात मध नसतो. भुंगा फूल धरून गुरगुरतो, तेव्हा कुठे पराग झडतो. हे अभिनवला विचारा. सात वर्षांचा होता, तेव्हा तासभर इथे उकिडवा बसून ऐकत होता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! बाईंना वाटलं, माइक फेकून मारावा.

"आई, लोक बघतायत," अभिनव कानाशी कुजबुजला. "वाद घरी घालू. चांगल्या कामासाठीच चाललंय ना सगळं?"

"बघू देत."

तेवढ्यात त्यांच्या शालीवर काहीतरी हललं. हारातल्या एका डहाळीवरून हिरवी अळी उतरत होती. डहाळीवरची पानं सुकली होती आणि ती दुसरं पान शोधत होती. बाईंनी तिला अलगद उचललं, अभिनवचा हात ओढला आणि तळहातावर ठेवली.

"तुझीच ओळखीची आहे. अशीच एक डब्यात पाळली होतीस. तिचं फुलपाखरू होईपर्यंत शाळेतून आल्यावर आधी डबा उघडून बघायचास. गुलमोहर हिला चालत नाही. हिला आता कुठे सोडायचं, सांग."

अभिनवचा चेहरा उतरला. तो तळहात सांभाळत चालू लागला. नव्या बुटांनी खड्डे चुकवत वरच्या उतारावर गेला आणि पहिल्याच तरवडापाशी उकिडवा बसला. अळीला पानावर चढायला बराच वेळ लागला.

जेसीबीवाला कंटाळला. "सायेब, बाजूला व्हा की! वरचं घ्यायचं हाय अजून."

अभिनव उठला, पण बाजूला झाला नाही. "वरचं नाही घ्यायचं. मशीन खाली न्या."

खाली नम्रता घाबरून फोन लावू लागली. अभिनव परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. आईचा हात पाठीवर पडेल, अशी त्याची समजूत असावी. विजयमालाबाईंनी शाल खुर्चीवर टाकली, हार काढून त्याच्या हातात दिला आणि खड्ड्यांकडे बोट केलं.

"आणि खालचं?"