शेगडीच्या दाराची दोरी

ओलिव्होने कागदाची पट्टी शेगडीच्या दारात धरली, दार लावलं, मूठ खाली दाबली आणि पट्टी ओढली. लोण्यातून केस निघावा तशी ती बाहेर आली.

"मसणात जा," तो शेगडीला म्हणाला.

खालचा कोपरा, बिजागरीच्या बाजूचा. कालही तोच, आजही तोच. बाकी सगळीकडे पट्टी घट्ट अडकत होती, म्हणजे तिथून धूर सुटणार नव्हता. या एका कोपऱ्यात मात्र दार आणि शेगडी यांचं जमतच नव्हतं. सकाळपासून त्यानं सगळं केलं होतं. जळणाची वाटी घासून तिची भोकं मोकळी केली, पाईप उतरवून काजळी झाडली, ओल्या वर्तमानपत्राला राख लावून काच लख्ख केली. आणि एवढं करून घोडं अडलं ते दाराच्या खाचेत बसून धूर अडवणाऱ्या, बोटाएवढ्या जाडीच्या एका दोरीपाशी.

"शेगडीवाल्या देनिसला फोन कर ना," स्वयंपाकाच्या टेबलाकडून त्याची बायको नीवेस म्हणाली. तिचे हात पिठात होते.

"केला. अर्धा नोव्हेंबर उलटल्यावर येतो म्हणाला. थंडी पडली की कार्नियाच्या सगळ्या डोंगरी मुलखाला शेगडी आठवते."

"तुलाही ऑक्टोबर संपतानाच आठवली."

ओलिव्होने फळीवरच्या रेडिओचा आवाज तेवढा वाढवला. उन्हाळ्यात बंद पडलेला तो रेडिओ मध्येच कधीतरी पुन्हा बोलू लागला होता आणि आता फुटबॉलच्या सामन्यावर घसा फोडत होता.

परवा सर्व संतांचा सण. त्यांची मुलगी मारिका आजी-आजोबांच्या थडग्यावर शेवंती ठेवायला उदिने शहरातून येणार होती, नवऱ्याला आणि बाळाला घेऊन. पण राहणार नव्हती. गेल्या नाताळात ती पोटुशी असताना इथं आली होती. जेवताना खोलीत धुराचा वास भरला, तिचं डोकं ठणकू लागलं, आणि ओलिव्हो म्हणाला होता, "शेगडी म्हटली की वास येणारच. तुझी आई कधी मेली नाही त्यानं." जावयानं, फेदेरिकोनं, ताटावरून उठून बॅगा भरल्या. त्यानंतर एलिआ जन्मला, बसू लागला, रांगू लागला, आणि आजोळच्या छपराखाली एकदाही झोपला नाही.

नंतर फेदेरिकोनं एक पांढरा डबा पाठवला होता. विषारी धूर झाला की तो किंचाळतो म्हणे. ओलिव्होने तो खणात कोंबला. खुर्च्यांच्या कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळला त्यानं, आणि बँकेत बसणारं हे पोर त्याला धूर शिकवणार!

त्यानं पेचकसाने दोरी उपटली, खाचेतला गोंद खरवडला. पाकिटात शेवटचा तुकडा उरला होता. खाचेत काळ्या गोंदाची रेघ ओढून तो नवी दोरी बसवू लागला. एका हातानं दाबायचा, दुसऱ्यानं खेचायचा.

"ताणतोस कशाला ती?" नीवेस म्हणाली.

"ताणल्याशिवाय सरळ बसत नाही."

"आणि रात्रीतून आखडते. म्हणून तो कोपरा उघडा पडतो."

"तू तुझ्या कणकेकडं बघ."

ती चार्सोन्स करत होती. आपल्या करंजीसारखाच प्रकार, फक्त तळायचा नाही, उकळायचा. तिनं एक पारी उचलली, दोन्ही हातांनी ताणली आणि टेबलावर टाकली. पारी हळूच मागे सरकून आखूड झाली.

"बघ. अशी ताणून दुमडली की पाण्यात तोंड उघडते आणि सारण बाहेर. माझ्या आईनं याच्यासाठी माझ्या बोटांवर लाटणं मारलंय."

"दोरी म्हणजे कणीक नव्हे, नीवेस."

"नाही ना. कणीक निदान ऐकते." आणि मग तिचा बांध फुटला. "तुला काहीच सैल सोडता येत नाही. दोरी नाही आणि पोरगीही नाही. ती एक दिवस म्हणाली की तू चार दिवस म्हणणार. ती निघाली की तू दारात उभा राहून रस्ता अडवणार, हवा कशी खराब आहे ते सांगणार. वैताग आलाय मला. नातू शेजारणीच्या फोनवर बघायचा, आणि कशासाठी? तुला कुणी शिकवलेलं चालत नाही म्हणून!"

रेडिओवर कुणीतरी गोल हुकवला. ओलिव्हो पाठमोरा गुडघ्यांवर बसला होता. त्यानं अर्धी बसवलेली दोरी सगळीच्या सगळी उचलली आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. या वेळी तो ती खेचत नव्हता. पडू देत होता, आणि बोटानं नुसती आत सारत होता. शेवटी टोक थोडं जास्तच उरलं. तेही त्यानं कापलं नाही, दाबून बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दारात पट्टी धरली. खालच्या कोपऱ्यात ओढली तेव्हा ती निघाली नाही, फाटली. त्यानं आणखी दोनदा करून पाहिलं. अर्धे तुकडे हातात, अर्धे दारात. नीवेस बघत होती, तिनं "सांगितलं नव्हतं?" म्हटलं नाही. ते त्याच्या लक्षात आलं.

शेगडी पेटली. वास नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"आम्ही उद्या दहापर्यंत पोचू, बाबा," मारिका म्हणाली. "दफनभूमी, जेवण, आणि चारला परत."

ओलिव्होची मूठ फोनभोवती आवळली. शेजारी उभ्या नीवेसलाही ते ऐकू आलं. आता सुरू होणार, तिला वाटलं: एवढ्या लांबून यायचं आणि चारला परत, बॉयलर, जन्मभर, सगळं.

"बरं," तो म्हणाला. "चारला निघा. उजेड असेल."

फोन दुसऱ्या कानाला लावून तो पुढं म्हणाला,

"शेगडीच्या दाराची दोरी बदललीय. आईनं सांगितलं तशी." त्यानं खणाकडे पाहिलं. "आणि तो फेदेरिकोचा डबा तुझ्या खोलीत लावतोय. तुम्ही केव्हा याल तेव्हा... असावा."



"बाबा," मारिका म्हणाली, "एलिआची घडीची खाट गाडीत मावते का, बघते मी."

त्यानं फोन ठेवला, खण उघडला, डबा बाहेर काढला. मारिकाच्या खोलीत स्टुलावर चढून पलंगाच्या वर तो भिंतीला ठोकला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं.

"चालत नाही का?" नीवेसनं दारातून विचारलं.

ओलिव्हो स्टुलावरून उतरला. तिच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेला, फळीवरचा रेडिओ उचलला आणि त्याचं मागचं झाकण उघडून त्या डब्याच्याच बॅटऱ्या बाहेर काढल्या. बातम्या सांगणारा माणूस अर्ध्या वाक्यातच गप्प झाला.