वाबोसवर वारा नव्हता

रूबेनने बाहीने समोरची काच पुसली आणि विमान पुन्हा एकदा सरोवराभोवती वळवलं. काच स्वच्छच होती. धूसर होतं ते बाहेर. वणव्याचा धूर आठवडाभर वाबोस सरोवरावर बसून होता, आणि त्याखालचं पाणी इतकं निश्चल, की आकाश कुठे संपतं ते डोळ्यांना कळेना.

मागच्या सीटवर लूईसा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आठवा महिना, आणि सकाळपासून रक्त जात होतं. मासेमारीच्या तळावरून तिला सरोवराकाठच्या गावातल्या दवाखान्यात पोहोचवायचं होतं. आई, केझाया, हलक्या आवाजात देवाचं गीत म्हणत होती. गाणं थांबलं की पोरगी घाबरून डोळे उघडायची, म्हणून ती थांबत नव्हती. दोन कडव्यांच्या मध्ये तिने एवढंच विचारलं,

"उतरणारेस, की नुसत्या प्रदक्षिणा घालणारेस?"

"उतरतो, मावशी. हिला घट्ट धरा."

चाकांच्या जागी बसवलेले फ्लोट पाण्यावर अलगद टेकायचे, तर पाणी किती खाली आहे ते दिसायला हवं. लाट असली की दिसतं. रूबेनने रेडिओवरून दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, कोणी होडी फिरवून पाणी जरा ढवळेल का. ती म्हणाली, सगळं गाव होड्या घेऊन नदीपलीकडे गीतांच्या मेळ्याला गेलंय. मागे राहिलेत ते एकटे जोसाया.

रूबेनने माइक जागेवर टांगला. अशाच आरशासारख्या पाण्यावर, इथेच, एकदा त्याचा अंदाज चुकला होता. विमान नाकावर पालथं झालं. तो पोहून बाहेर आला. शेजारी बसलेला आमोस आला नाही. आमोस हा जोसायाचा मुलगा. तेव्हापासून म्हातारा त्याच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. रूबेन दुकानात शिरला, की हातातलं सामान तिथेच ठेवून तो निघून जाई.

त्यानंतरही रूबेन इथे येत राहिला. वारा पडलेल्या दिवशी परत फिरावंसं वाटायचं. पण टेकडी ओलांडली, की धक्क्यासमोर लाटांचा एक पट्टा दरवेळी असायचाच. कोणी जाळी काढून नुकतंच परतलं असेल, असं तो समजायचा. केझाया म्हणायची, देव आहे रे.

आज तो पट्टा नव्हता. अंदाजाने हळूहळू टेकायला लांब मोकळं पाणी लागतं, आणि पुढचं बेट धुरात बुडालेलं. काठाशी पाणी आटून खडक वर आलेले. इंधनाचा काटा तळाला टेकला होता.

गाणं थांबलं.

"रूबेन, हिचे हात गार पडलेत."

त्याने विमान खाली घेतलं. पांढऱ्यातून आणखी पांढऱ्यात.

मग त्या पांढऱ्यात एक काळा ठिपका हलला. होडी. तिच्यात उभा राहून एक माणूस दोन्ही अंगांना वल्हं आपटत होता, होडी उलटेल याची पर्वा न करता. त्याच्या मागे पाणी फाटत, पसरत चाललं होतं.

रूबेनला पाणी दिसलं. लाटांच्या कडेला त्याने विमान धरलं, नाक किंचित उचललं. फ्लोट टेकले, खरखरले, स्थिरावले.

धक्क्यावर नर्सने आणि त्याने मिळून लूईसाला स्ट्रेचरवर घेतलं. केझाया मागोमाग गेली. वळून त्याच्याकडे बघायलाही तिला सवड नव्हती.

रूबेन फ्लोटवर परतून विमान बांधायला दोर उलगडत होता, तेवढ्यात होडी येऊन लागली. जोसाया धक्क्यावर चढला. सदरा चिंब, धाप थांबत नव्हती. त्याने दोरासाठी हात पुढे केला, खांबाला वेढा दिला आणि गाठीकडेच बघत म्हणाला,

"उशीर झाला. आज मोटर चालू होईना."

रूबेनने होडीकडे पाहिलं. मागे मोटर होती, तिचं झाकण उघडं.

"आज?"

म्हाताऱ्याने गाठ आणखी आवळली.

दवाखान्याच्या खिडकीतून केझायाचं गाणं पुन्हा सुरू झालं. रूबेन तसाच उभा राहिला. जोसायाही निघून गेला नाही.