सारजाबाईंचा रांजण

“पंधरा दिस झालं, तरी कच्चाच. एवढा गूळ बैलाला चारला असता, तर त्यो दोन शब्द तरी बोलला असता.”

पंचमीचं माहेरपण आटपून मी गोठ्याच्या वळचणीखालून घरात शिरत होते, तर सासूबाई रांजणाला कान लावून त्याच्याशीच कुरकुरत होत्या. रांजण अर्धा जमिनीत पुरलेला. आत निरगुडी, करंज आणि रुईचा ठेचलेला पाला, गोमूत्र, ताक, गूळ. हे आंबलं की पाण्यात कालवायचं आणि डहाळीनं भातावर शिंपडायचं, म्हणजे कीड हटते. कच्चं शिंपडलं तर कीड राहते आणि पात करपते. उग्रपणा जाऊन जुन्या ताकासारखा वास सुटला, की झालं. तो वास ओळखणारं नाक आळीत एकच, आमच्या सासूबाईंचं, सारजाबाईंचं. त्यांनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय कुणी तांब्यासुद्धा बुडवायचा नाही.

ते नाक दोन वर्षांमागच्या तापात गेलं होतं. मला ठाऊक होतं, माझ्या जावेला, जयाला ठाऊक होतं. मामंजींनाही ठाऊक असणार, कारण करपलेली आमटी वाढून सासूबाई “बरी झालीया का?” विचारत, आणि ते मान खाली घालून “झकास” म्हणत. पण बोललं कुणीच नाही. बोलणार कसं? ब्लॉक ऑफिसातला माणूस किडीवरच्या पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन आला, तेव्हा बायकांनी त्याला चहा पाजला, हो हो म्हटलं, आणि पावडर मारू का हे विचारायला आमच्या ओट्यावर आल्या. त्या मानाला हात कोण लावणार?

म्हणून आम्ही दोघींनी एक सोय केली होती, तीही एकमेकींशी न बोलता. सासूबाई रोज रांजण उघडून हुंगल्यासारखं करत आणि हळूच आमच्या तोंडाकडे बघत. आम्ही नाक मुरडलं की कच्चं. कपाळ सैल सोडलं की झालं. दोन हंगाम असे निभावले.

यंदा मी माहेरी, आणि जयाला तिसरा महिना. तिला फोडणीनंही मळमळे, मग रांजणाचं काय घेऊन बसलात! फडकं उचललं की ती पदर तोंडाला लावून परसात धूम. सासूबाई ते बघून म्हणत, “कच्चंच हाय,” आणि आणखी एक गुळाचा खडा आत. रोज. काल तर मांजर तोंड घालतं म्हणून त्यांनी वर झाकण ठेवून ते शेणानं लिंपून बंद केलं होतं. एरवी तोंडाला नुसतं फडकं असायचं.

मी गाठोडं खाली ठेवते तोवर शेजारची धोंडाबाई कळशी घेऊन हजर.

“सारजाक्का, ही तिसरी खेप. माझं हळवं भात निसवलंय, ढेकण्या दाण्यातलं दूध पितायत. आज दे, न्हाईतर त्या डब्यावाल्याला गाठते.”

“थांब की गं! कच्चं न्हिऊन शेत भाजतीस का?”

तेवढ्यात रांजणानंच तोंड उघडलं. फाट् आवाज झाला, झाकण गोठ्याच्या कुडावर आदळलं आणि हिरवा फेस उसळून म्हशीला वैरण टाकणाऱ्या मामंजींच्या धुतल्या धोतरावर. वास असा की म्हशीनं दाव्याला हिसका दिला. धोंडाबाईनं, मी, मामंजींनी नाकं दाबली. जया तर कधीच परसात पोचली होती.

मधोमध सासूबाई उभ्या, नाक उघडं.

“अगं, झालं तरी काय?”

मामंजींनी धोतराकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि पुन्हा धोतराकडे.

“आक्का,” धोंडाबाई पदराआडून म्हणाली, “तळाला उरलंय, ते तरी झालंय का? तेवढं सांग.”

सासूबाई वाकल्या. लांबलचक श्वास घेतला. मग त्यांनी सवयीनं मान वर केली, तर बघायला एकही तोंड नाही, नुसते पदर. त्यांचा चेहरा असा झाला, की मी घाईघाईनं पदर काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी आत डोकावून हुंगलं. उग्रपणा उडून गेला होता, खाली जुनं ताक. मी कपाळ सैल सोडलं. होतं नव्हतं तेवढं सैल.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग फसकन हसल्या.

“ऱ्हाऊ दे गं. किती छळशील त्या तोंडाला.”

ढवळायची काठी त्यांनी माझ्या हातात दिली आणि धोंडाबाईकडे वळल्या.

“धोंडे, मला दोन वर्सं झाली, कसलाच वास येत न्हाई. हिला इचार.”