मंगळवारची गाडी

मी एक जुनी व्हॅन आहे, मित्रांनो. बंगळुराजवळच्या आनेकलच्या बाजारातून सकाळी जाताना तुम्ही मला कधी पाहिलेही असेल. रंग पांढरा, डाव्या दाराला मोठा पोचा, आणि मागच्या बाजूला चाकाची खुर्ची चढवण्यासाठी एक लोखंडी रॅम्प.

माझा जन्म कारखान्यात झाला खरा, पण मला माझे काम मिळाले ते बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत. तिथे मालोजींचे वर्कशॉप होते. त्यांनी माझ्या अर्ध्या सीट काढल्या, खुर्च्या अडकवायला पट्टे बसवले आणि रॅम्प जोडला. मग ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसले आणि कारागिराला म्हणाले, "ढकल मला." पाच वेळा वर गेले, पाच वेळा खाली आले. "पाठीला हिसका बसतोय. मुलं बसणार आहेत यात. रॅम्पची कड परत घासा," असे म्हणून त्यांनी सगळे काम पुन्हा करायला लावले.

बेळ्ळंदूरच्या एका कंपनीने मला राजलक्ष्मी अक्कांच्या केंद्राला भेट दिले होते. ज्या मुलांचे हातपाय त्यांचे ऐकत नाहीत, त्यांच्याकडून अक्का आणि त्यांच्या दोन सहकारी तिथे व्यायाम करून घेतात. मी आले त्या दिवशी नारळ फुटला. माझ्या दोन्ही बाजूंना कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते आणि सगळ्यांनी त्या नावाशेजारी उभे राहून फोटो काढले. मला फार अभिमान वाटला.

मला चालवायला हयवदन अण्णा आले. त्यांचे घराणे कितीतरी पिढ्या बंगळुरातलेच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. रोज सकाळी आम्ही आनेकलच्या आसपासच्या खेड्यांतून अकरा मुलांना घेऊन यायचो. खड्डा आला की अण्णा आधीच ओरडायचे, "घट्ट धरा रे!" आणि मुले खड्डा नसतानाही किंचाळायची.

त्यात भूमिका नावाची एक मुलगी होती. पहिल्यांदा आली तेव्हा सात वर्षांची होती. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले असत. तिची आई यल्लव्वा कपड्यांच्या फॅक्टरीत कॉलर शिवायची. ती भूमिकाला कडेवर घेऊन येई, माझ्यात बसवी आणि धावत शिफ्टला जाई. दोन वर्षे भूमिकाने एक दिवस चुकवला नाही. एका सकाळी मी केंद्राच्या अंगणात उभी असताना खिडकीतून टाळ्या ऐकू आल्या. अण्णा आत धावले आणि डोळे पुसत बाहेर आले. भूमिका व्यायामाच्या दांड्यांना धरून चार पावले चालली होती.

पण तिसरे वर्ष संपले आणि ज्या मदतीतून अण्णांचा पगार आणि डिझेल भागायचे, ती कंपनीची तीन वर्षांची मदतही संपली. यंदा त्यांना मुलांना टॅब्लेट वाटायचे होते. अक्का माझ्याशेजारी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या.

"टॅब्लेट नकोत असं नाही हो. पण मुलं इथवर येणार कशी?"

"गाडी दिलीय ना आम्ही?" पलीकडून आवाज आला.

"गाडी दिलीत. चालवणाऱ्याचा पगार कोण देणार? डिझेल?"

"तीन वर्षांपुढे रोजचा खर्च आमच्या नियमांत बसत नाही, मॅडम."

अक्कांनी बऱ्याच जणांना पत्रे लिहिली. कोणी बाके दिली, कोणी भिंतीवरचे घड्याळ दिले, कोणी मुलाच्या वाढदिवसाला केक घेऊन आले. वाईट कोणीच नव्हते, मित्रांनो. पण बाकावर नाव लिहिता येते, पगारावर कुठे लिहिणार?

तीन महिने अण्णा पगाराशिवाय आले. शेवटी अक्काच म्हणाल्या, "अण्णा, दुसरीकडे बघा आता. तुमच्या मुलीचं कॉलेज आहे. मला तुमच्या तोंडाकडे बघवत नाही." अण्णांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि बेळ्ळंदूरला ऑफिसची टॅक्सी चालवायला गेले.

मी करंजाच्या झाडाखाली उभी राहिले. काचांवर पाला साचला. एका उंदराने माझी वायर कुरतडली. धूळ आणि गंज मला सोसता आला असता. पण रोज आठ वाजले की त्या अकरा दारांपाशी कोण उभे असेल, हा विचार सोसवत नसे.

एका मंगळवारी फाटक वाजले. हयवदन अण्णा! त्यांनी माझी काच पुसली, वायर जोडली आणि अक्कांना हाक मारली. "मंगळवारी माझी सुट्टी असते. डिझेलचं तुम्ही बघा, गाडी मी नेतो."

"फुकट? नको अण्णा. मला नाही पटत."

"स्वल्प, जरा गप्प बसा अक्का. आठवडाभर त्या ट्रॅफिकमध्ये अडकून असतो. तिथं माझी कोण वाट बघतंय?"

अशी मी मंगळवारची गाडी झाले. पण आठवड्यातून एक दिवस व्यायाम पुरत नाही. मधल्या महिन्यांत भूमिकाचे गुडघे पुन्हा आखडले होते. दांड्यांपाशी उभी केली की ती खाली बसायची.

मग एका मंगळवारी कंपनीकडून प्रांजली नावाची तरुण अधिकारी आली. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. तिला अहवालासाठी माझे फोटो हवे होते, म्हणून ती अण्णांशेजारी बसून निघाली. अण्णा मराठी बोलतात हे ऐकून तिला गंमत वाटली. गप्पा मारत आम्ही यल्लव्वाच्या दारी पोचलो.

"घरी व्यायाम करून घेता का?" प्रांजलीने विचारले. अण्णांनी ते कन्नडमध्ये सांगितले आणि यल्लव्वाचे उत्तर तिला मराठीत कळवले. "ती म्हणते, अक्कांनी दाखवलंय तसं करते. पण पाय ताणला की पोर रडते, आणि ती रडली की माझा हात थांबतो."

भूमिकाने माझ्यात बसताच नेहमीचा प्रश्न विचारला. "मामा, उद्या येणार?"

"पुढच्या मंगळवारी, कंदा," अण्णा लाडाने म्हणाले आणि दोन्ही वाक्ये प्रांजलीला मराठीत सांगितली.

"रोज का नाही जात तुम्ही?" प्रांजली म्हणाली.

"मी इथं कामाला नाही, मॅडम. आज माझी सुट्टी आहे."

प्रांजलीने फोटोसाठी वर धरलेला फोन खाली घेतला. परतीच्या वाटेवर तिने एकही फोटो काढला नाही. अंगणात उतरल्यावर तिने अक्कांना विचारले, "तुमच्या अर्जात ड्रायव्हरचा पगार होता ना?"

"होता. तुमच्याकडे खोडला गेला."

प्रांजली हळूच म्हणाली, "ती ओळ मीच खोडली होती."

पुढे काय झाले ते मला अक्कांच्या बोलण्यातून कळले. प्रांजलीने निम्मे टॅब्लेट कमी करून पगार आणि डिझेल मागितले. वरिष्ठांनी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा ती अक्कांनाच बैठकीला घेऊन गेली. सगळा उन्हाळा त्यात गेला, पण दोन वर्षांची मंजुरी आली. त्यानंतर काय, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि भूमिकाचा डावा गुडघा आता ऑपरेशनशिवाय सरळ होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. गेलेले महिने कोणत्याही मंजुरीने परत आले नाहीत.

अण्णांनी टॅक्सी सोडली. पहिल्या सकाळी आम्ही यल्लव्वाच्या दारी गेलो तेव्हा ती डबा घेऊन निघाली होती. भूमिका उंबऱ्यावर बसून दात घासत होती. मला बघून ती तोंडातल्या फेसासकट ओरडली, "मामा, चुकलात! आज बुधवार!"

"सरी, बरं, बुधवार तर बुधवार," अण्णा रॅम्प खाली सोडत म्हणाले. "आटप लवकर."

यल्लव्वा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. तिला शिफ्टला उशीर झाला, पण ती हलेना.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, आणि कधीतरी एखाद्या संस्थेला माझ्यासारखी गाडी द्याल. जरूर द्या. फक्त देताना एवढे विचारा, की हिला रोज चालवणार कोण, आणि त्याच्या घरची चूल कशावर पेटणार?