एकाच डोळ्याचे थेंब

पेंटरकाकांनी कपात ओतलेला चहा निम्मा कपाच्या डावीकडे टेबलावर सांडला. काकूंनी फडकं पुढे केलं.

"डावीकडचं दिसत नाही का हो तुम्हाला?"

"दिसतं की! लक्ष नव्हतं."

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "थेंब चुकवू नका. गेलेली नजर परत येत नाही." पण थेंबांची बाटली दर खेपेला महाग होत गेली आणि गाठीशी होतं ते आटत गेलं.

संध्याकाळी काकू त्यांच्या पाठोपाठ खोलीत गेल्या. काकांनी मान मागे टाकली, उजव्या डोळ्यात थेंब सोडला आणि बाटलीला झाकण लावलं.

"आणि डावा?"

काकांनी बाटली फळीवर ठेवली.

"अहो, डावा?"

"दोन्ही डोळ्यांना पुरत नाही गं. एकाला तरी पुरू दे."

काकू मटकन खाली बसल्या. नवऱ्याने स्वतःचा एक डोळा सोडून दिला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं आणि नुसती मान हलवली. डावा डोळा गेला होता.

शेजारच्या सिस्टर इस्पितळातून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "ज्येष्ठांच्या औषधांच्या किमतीला मर्यादा घालणारा कायदा येऊ घातलाय. त्यासाठी नेमलेली सरकारी समिती लोकांचं म्हणणं ऐकून घेतेय. काका, तुम्ही बोला."

"मी कुणापुढे हात पसरला नाही, सिस्टर. आमचं नशीब, दुसरं काय!"

"नशीब?" सिस्टर भडकल्या. "काचबिंदू नशिबाने झाला असेल. किंमत माणसांनी ठरवलीय! कंपनी वाटेल तो भाव लावते, कारण तिला अडवणारा नियमच नाही. आणि तुम्ही अब्रूपायी तोंड मिटून बसता, म्हणून वरच्यांना वाटतं, सगळं आलबेल आहे!"

काका रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी उठून त्यांनी धुतलेला सदरा मागितला.

समितीच्या सभागृहात ते मागच्या बाकावर बसले. कंपनीचा माणूस संशोधनाच्या खर्चाबद्दल बोलून बसला, तसे काका उठले.

"साहेब, मला त्यातलं काही कळत नाही. दोनपैकी कुठला डोळा ठेवायचा, हे मला घरात बसून ठरवावं लागलं. बायकोलाही सांगितलं नाही. लाज वाटली. पण लाज मला का वाटावी?"

एवढं बोलून ते खाली बसले.

कायदा व्हायला वर्ष उलटलं. बाटली खरोखरच स्वस्त झाली. त्या दिवशी काकू ओक्साबोक्शी रडल्या. "हे आधी झालं असतं तर!"

"आधी आपण बोललो असतो तर," काका म्हणाले.

मंडळी, आपल्याही घरात कुणी म्हातारं माणूस गुपचूप औषध चुकवत असेल. जवळ बसून विचारा. आणि त्याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. औषध परवडेल असा कायदा मागणं ही भीक नव्हे, तो आपला हक्क आहे. तो वेळेत मागा. काकांचा उजवा डोळा कायद्याने वाचवला. डावा मात्र कुठलाच कायदा परत आणू शकला नाही.