लेखकांना घसरवणारी खुर्ची

मित्रांनो, मी एका प्रकाशकाच्या कचेरीतली जुनी खुर्ची आहे. टेबलाच्या अलीकडची. पलीकडची जी आहे तिला हात आहेत, गादी आहे, ती गोल फिरते. मला यातलं काही नाही, कारण माझ्यावर लेखक बसतात. लेखकाला एवढं पुरे, असं या कचेरीचं मत आहे, आणि इतकी वर्षं त्यांना अंगावर वागवल्यावर माझंही तेच झालंय.

जन्माने मी अशी नव्हते. मला घडवणारा सुतार नेकीचा माणूस. चांगलं मुरलेलं लाकूड, वेताची विणलेली बैठक, पाठीला हलकासा बाक. "हिच्यावर बसलेला माणूस घर विसरेल," असं तो कौतुकाने म्हणाला होता. थोरल्या मालकांनी मला आणलं आणि पहिल्याच आठवड्यात एक कादंबरीकार सकाळी माझ्यावर बसला, तो दिवेलागणीला उठला. दुसऱ्या दिवशी मालकांनी सुताराला परत बोलावलं.

"हिचे पुढचे दोन पाय बोटभर कापा."

"अहो, बसणारा घसरेल ना!"

"घसरू दे की. घसरला की उठेल."

तेव्हापासून मी पुढे कललेली आहे. माझ्यावर बसलेला माणूस बोलता बोलता पुढे सरकतो, पाय रोवतो, मागे सरकतो, पुन्हा घसरतो. थोड्या वेळाने त्याचे गुडघे भरून येतात आणि तो आपणहून म्हणतो, "बरं, निघू मी?" करवत चालली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. आता वाटतं, मालकांनी दोन बोटं तरी कापायला सांगायचं होतं.

तुम्ही म्हणाल, काय ही तुसडी खुर्ची! अहो, ऐका तर आधी.

फिरत्या खुर्चीवर संपादक बाई बसतात. चष्मा डोक्यावर, पेन्सिल कानावर. कचेरीत आलेलं प्रत्येक हस्तलिखित त्या वाचतात. त्यांच्यासमोर एकदा एक कवी येऊन बसला. आमच्याकडे कवितेचं एकही पुस्तक निघालेलं नाही. आमची सगळी पुस्तकं बाहेर काचेच्या कपाटात मांडलेली आहेत आणि हा शहाणा त्याच कपाटाला टेकून तासभर थांबला होता.

"कविता आम्ही काढत नाही," बाई म्हणाल्या.

"हो, पण माझ्या वाचा तर."

"वाचेन. पण काढत नाही आम्ही."

"एकदा वाचल्यात ना, की काढाल."

याला काय बोलणार? ज्याच्या दारात जायचं त्याचं दुकान कशाचं आहे, एवढं तरी बघावं की नाही? चपला घ्यायला कुणी औषधाच्या दुकानात जात नाही. लेखक मात्र जातो, आणि वर चिडतो.

दुसरा एकजण आला, त्याला बाईंनी साधं विचारलं, "पुस्तक कशाबद्दल आहे?" तर म्हणे, "तसं सांगता यायचं नाही हो, त्यात सगळंच आहे." सगळंच भंगारवाल्याच्या गाडीवरही असतं! आपलं पुस्तक दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर घरी जा, पाणी प्या, आणि ती दोन वाक्यं सापडली की मग या. तिसऱ्या आलेल्या एका लेखिकेने तर प्रशस्तिपत्रच आणलं होतं. "माझ्या जाऊबाई वाचून ढसाढसा रडल्या." आमच्या बाईंनी विचारलं, "एरवी काय वाचतात त्या?" "छे हो, त्यांना कुठली वाचनाची आवड!" एकाने पत्रात आमच्याऐवजी पलीकडच्या गल्लीतल्या प्रकाशकाचं नाव लिहिलं होतं आणि खाली म्हटलं होतं की मी आयुष्यभर फक्त आपल्याचकडे येण्याचं स्वप्न पाहिलं. एक महाशय सोमवारी बाड देऊन गेले आणि मंगळवारी फोनवर हजर. "वाचलंत का?" बुधवारी पुन्हा. गुरुवारी बाईंनी त्यांचं बाड ढिगाच्या तळाशी घातलं, आणि अगदी योग्य केलं.

सगळे सारखेच. माझी वेताची बैठक यांच्या चुळबुळीने फाटली. मग मालकांच्या मुलाने, म्हणजे आताच्या मालकांनी, तिथे प्लास्टिकची पट्टी विणून घेतली. हिरवी! माझं मत कुणी विचारलं नाही.

आणि तो एजंट! टोकदार बुटांचा. लेखक आणि प्रकाशक यांची गाठ घालून देतो म्हणायचा. मित्रांनो, खरा एजंट मी पाहिलेला आहे. तो पुस्तक आधी वाचतो, कुणाला दाखवायचं ते ठरवतो, भांडून चांगला करार मिळवतो आणि पुस्तक विकलं गेलं की आपला वाटा घेतो. हा टोकदार बूट लेखकाकडूनच आधी पैसे घ्यायचा आणि महिन्याभरात पुस्तक हातात द्यायचा. असलं पुस्तक कुठल्या दुकानात जात नाही, लेखकाच्या पलंगाखाली जातं. बाईंनी त्याला माझ्यावर बसूसुद्धा दिलं नाही. बाईंबद्दल मला आदर वाटला तो त्या दिवशी.

असल्या सगळ्या गोतावळ्यात एक दिवस दाताचे डॉक्टर आले. मी मनात म्हटलं, आलं संकट. ज्या माणसाचे श्रोते आयुष्यभर तोंडात कापूस घेऊन बसलेले, त्याला कुणी 'पुरे' म्हटलेलं नसणार.

"कशाबद्दल आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या थोरल्या बहिणीने इस्त्रीच्या दुकानात उभं राहून मला शिकवलं. तिची गोष्ट आहे."

दोन वाक्यं! मी तर दचकलेच. मग त्यांनी हळूच आणखी एक सांगितलं. "ताईला काचबिंदू आहे. नजर जात चाललीय. तिला स्वतःच्या डोळ्यांनी हे वाचता यावं, एवढीच इच्छा आहे हो."

"लवकर वाचते," बाई म्हणाल्या. डॉक्टर उठले, नमस्कार केला आणि निघाले. जाऊबाईंचा उल्लेख नाही, काही नाही. मला वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला.

कसला माणूस! लेखकच तो.

लेखकांची एक जुनी खोड आहे, मित्रांनो. प्रकाशक आपलं लिखाण वाचतच नाहीत, असं त्यांनी एकमेकांना सांगून ठेवलंय. मग ते काय करतात, तर बाडात मध्येच एक पान उलटं लावतात, वरची बाजू खाली. बाड परत आलं आणि पान तसंच उलटं असलं, की म्हणायचं, बघा, इथपर्यंत कुणी आलंच नाही! आमच्या डॉक्टरांनाही असाच कुणीतरी हितचिंतक भेटला होता. त्यांनी पान उलटं लावलं होतं.

बाईंना ही युक्ती पाठ आहे. उलटं पान आलं की त्या बाड फिरवतात, पान वाचतात, बाड पुन्हा फिरवतात आणि पान होतं तसं उलटंच ठेवतात. मालक त्यांना एकदा म्हणालेही, "बाई, सरळ करून पाठवा ना. तुमचं काय जातं?"

"माझी परीक्षा घेणाऱ्याला मी पेपर सोडवून देत नाही," बाई म्हणाल्या.

हा बाईंचा ताठा. आदर आहे म्हणून मी तो झाकणार नाही.

डॉक्टरांचं बाड त्यांनी जेवणाची सुट्टी सोडून वाचलं. वाचून झाल्यावर मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "हे काढायचं. यंदाच काढायचं, आणि मोठ्या टायपात." मालकांनी हो म्हटलं. मग बाईंनी पानापानावर समासात पेन्सिलीने दुरुस्त्या सुचवल्या, पहिल्या पानाच्या डोक्यावर 'काढू या. खुणा पाहून भेटायला या' असं लिहिलं आणि बाड कुरियरने डॉक्टरांकडे धाडलं. फोन केला असता तर? पण बाई फोन करत नाहीत, पेन्सिलीने बोलतात.

डॉक्टर आले ते महिन्याने. नमस्कार नाही, काही नाही. बाड टेबलावर आपटलं आणि माझ्यावर धपकन बसले.

"वाचायचं नव्हतं तर ठेवून कशाला घेतलंत?"

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"हे बघा!" त्यांनी बाड मधोमध उघडलं. "पान उलटं लावलं होतं मी. अजून उलटंच आहे! इथपर्यंतसुद्धा आला नाहीत तुम्ही!"

बाईंनी बाड फिरवलं. त्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द होता, 'छान'. बाई तो शब्द सहसा लिहीत नाहीत. मग त्यांनी अलीकडचं पान दाखवलं, पलीकडचं दाखवलं, शेवटी पहिलं पान समोर ठेवलं.

"इथपर्यंत तुमची ताई एक शब्द बोलत नाही, नुसती काम करते," बाई म्हणाल्या. "या पानावर ती पहिल्यांदा बोलते. मी हे पान दोनदा वाचलं. तुम्ही पाकीट उघडून थेट इथेच गेलात का?"

मला तर त्यांना तिथल्या तिथे खाली टाकून द्यावंसं वाटलं. स्वतःच्या बाडाचं पहिलं पान न बघणारा माणूस दुसऱ्याच्या वाचनाची झडती घेत होता!

आवाज ऐकून मालक आत आले. "बरं, झालं ते झालं, डॉक्टर. दुरुस्त्या करा, कामाला लागू."

"मी... मी दुसरीकडे दिलं," डॉक्टर पुटपुटले. "सही केली."

टोकदार बूट! दुसरं कोण असणार? महिन्याभरात पुस्तक मिळेल म्हणाला होता, आणि ताईचे डोळे थांबणार नव्हते. करार खिशातच होता. मालकांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, यात तुम्ही सगळे हक्क कायमचे देऊन टाकलेत. आम्हाला आता एक पानसुद्धा छापता येणार नाही. सही करण्याआधी वाचलंत का हे?"

डॉक्टरांनी मान हलवली. नव्हतं वाचलं.

पुस्तक निघालं. एजंटाकडे दिलेली प्रत दुसरी होती, आणि आमच्या भल्या डॉक्टरांनी तिच्यातही तेच पान उलटं लावून ठेवलं होतं. एजंटाने अक्षर नव्याने जुळवलं नाही, नुसते पानांचे फोटो काढून छापले. प्रूफ दाखवायची पद्धत त्याच्याकडे कुठली! तर ते पान पुस्तकात उलटंच छापलं गेलं. छपाई बारीक, शाई पुसट. ताईंना त्यातलं अक्षर लागेना.

मित्रांनो, मला काही तुमचा पुळका नाही. पण तुमच्या घरात कुणी लिहिणारं असेल आणि माझ्यासारखीवर येऊन बसणारच असेल, तर त्याला सांगा. कुठे जातोस ते आधी बघ. थोडक्यात सांग आणि वाट बघ. पाकीट आलं तर सगळं वाच, सही करायची तर दोनदा वाच, आणि ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याकडे आपलं लिखाण नेऊ नकोस. आम्ही लाकडाच्या जुन्या वस्तू. आम्हाला पुसा, दुरुस्त करा, आम्ही पुन्हा उभ्या राहतो. चुकीच्या हातात गेलेलं पुस्तक तसं दुरुस्त होत नाही.

पुढच्या थंडीत एक वयस्क बाई भिंतीला हात लावत लावत कचेरीत आल्या. संपादक बाईंनी त्यांना धरून माझ्यावर बसवलं. त्यांची मनगटं पुरुषासारखी जाड होती आणि त्यांवर जुन्या भाजल्याचे डाग होते.

"तुम्हीच का त्या पेन्सिलवाल्या बाई?" त्यांनी विचारलं. "माझा भाऊ तुमच्याशी भांडून गेला. त्याच्या वतीने माफी मागते. अक्कल कमी आहे त्याला, पण मनाचा वाईट नाही."

"तसं काही नाही हो," बाई म्हणाल्या. "चूक माझीही होती. एक फोन करायला हवा होता मी."

ताईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. "रोज दवाखान्यातून आला की मला वाचून दाखवतो. पण हे एक पान सोडतो. म्हणतो, उलटं छापलंय, वाचता येत नाही. अहो, पुस्तक फिरवायला काय लागतं? लाजतो मेला. शेजारणीकडून वाचून घेतलं असतं, पण म्हटलं, ज्यांनी ते खरंच वाचलंय त्यांच्याच तोंडून ऐकावं."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुस्तक फिरवलं आणि वाचायला सुरुवात केली. भाऊ शिकायला परगावी निघालाय. बस सुटायची वेळ झालीय. ताई खिडकीखाली उभी आहे आणि म्हणते, "परत येऊ नकोस. आलास तर मी तुला पुन्हा जाऊ द्यायची नाही."

ताईंनी चाचपडत त्या पानावर बोट ठेवलं.

"हे मी बोलले नव्हते हो," त्या म्हणाल्या. "मनात म्हटलं होतं. तोंडाने फक्त 'डबा नीट घासत जा' एवढंच म्हणाले होते. त्याला कसं कळलं?"

बाईंनी पुस्तक तसंच धरून ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.