दहावा शब्द

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी ज्यू. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, नजर लागते म्हणे. म्हणून प्रार्थनेला दहा पुरुष जमलेत की नाही हे बघायला इसाजीमामा एकेकाकडे बोट करत स्तोत्रातली एक ओळ म्हणायचे. ओळ बरोब्बर दहा शब्दांची. पहिल्याला ‘होशिया’, नवव्याला ‘अद’, दहाव्याला ‘हाओलाम’. ‘हाओलाम’ कानावर पडलं की पडद्यामागे आम्ही बायका डोक्यावरचा पदर सारखा करायचो.

कल्याणात आमची बांधलेली मशीद नव्हती. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. मोठ्या सणांना ठाण्याला जायचं, एरवी शनवारची प्रार्थना भाड्याच्या एका खोलीत. सोयरिकी तिथेच जुळायच्या, भांडणंही तिथेच मिटायची, आणि त्या सगळ्याचे मुकादम माझे मालक, हसाजी. दांडगा माणूस. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच.

बावन्न सालच्या एका शनवारी त्यांना जाऊन वर्ष झालं. मुलाने बापासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचा दिवस. दहा पुरुषांशिवाय कद्दिश होत नाही. त्यात माझा शालोम दुसऱ्याच दिवशी इस्रायलला निघणार होता. जवळ बसून बापासाठी प्रार्थना करताना त्याला ऐकायची माझी ती एकच संधी होती. दोन कुटुंबं आधीच तिकडे गेलेली, एकाला ताप. शनवारी गाडीत बसायचं नाही, म्हणजे ठाण्याला जाणंही बंद.

इसाजीमामांची ओळ ‘अद’वर थांबली.

दाराशी बाकावर बुनाजी बसला होता. बुनाजी सुतार. सेफेर तोरा, आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायचं सागवानी कपाट त्यानेच करून दिलेलं. पण त्याची आजी आमच्यातली नव्हती, म्हणून तो ‘काळा इस्रायल’. आम्ही म्हणे गोरे! माझा रंग तव्यासारखा, तरी गोरी. वीस वर्षं तो दर शनवारी यायचा आणि वीस वर्षं मामांचं बोट त्याला ओलांडून जायचं. हसाजींचा तसा हुकूमच होता. आणि मी तरी काय मोठी? माझ्या घरी त्याचा कप वेगळा होता, कोनाड्यात पालथा.

मी पडदा सारून बाहेर आले. "बुनाजीला घ्या," म्हटलं. मामांनी पुस्तकात डोकं घातलं. मग मीच दाराशी गेले.

"बुनाजी, आत चला. माझ्या मालकांसाठी."

"वहिनी, मालकांनाच चाललं नसतं ते."

"त्यांचं चुकलं. माझंही चुकलं."

तो उठला, कपाटाला हात लावून हात ओठांना लावला आणि रांगेत शालोमच्या शेजारी उभा राहिला. शालोमने पुस्तक उघडलं. मी पडद्यामागे परतले.

मामांनी पुन्हा बोट उचललं. होशिया, एत, अमेखा... शालोमपर्यंत आलं, आणि तिथून सरळ पलीकडच्या माणसावर गेलं. मामांच्या मनात काही नव्हतं हो. वीस वर्षांची सवय ती, बोटाला काय कळणार? ओळ ‘अद’वर संपली.

"एकच कमी," मामा म्हणाले.

"हाओलाम!" मी पडद्यामागून ओरडले. बाईने मशिदीत आवाज चढवायचा नसतो. "हाओलाम, मामा! बुनाजी आहे ना तिथे!"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. तोवर बुनाजी दारात चपला शोधत होता. मी धावत गेले, त्याची बाही धरली.

"चुकून झालं. तुमच्या पाया पडते."

"चुकूनच झालं, वहिनी. मुद्दाम असतं तर भांडलो असतो," तो म्हणाला. त्याने हळूच बाही सोडवून घेतली आणि पायऱ्या उतरून गेला.

शालोम पुस्तक उघडं धरून उभाच होता. मामांनी तिसऱ्यांदा ओळ सुरू केली, या वेळी एकेकाच्या खांद्याला हात लावून. आता मात्र खरोखरच नऊ होते.